शनिवारपर्यंतची उधारी

कोल्हारात आमच्या पतसंस्थेच्या खालच्या गाळ्यात गोरक्षचं किराणा दुकान होतं. ऑफिस सुटलं की मी तिथे उभा राहून सुपारी खायचो आणि कोण काय उधार नेतं ते बघत बसायचो. कर्ज विभागात काम करणाऱ्याला ही खोड लागतेच, मलाही लागली होती. १९९४ च्या उन्हाळ्यात एकदा असाच उभा असताना सहादेव साळवे आला. त्याने तेल, साखर, चहापत्ती आणि अंगाच्या साबणाच्या दोन वड्या घेतल्या. गोरक्षने बेरीज केली तर त्रेसष्ट रुपये झाले.

"मांडून ठेव," सहादेव म्हणाला. मग घसा साफ केला, दोन्ही हात मागे बांधले आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पन आदी एक सांगतो. मी कोर्टानं नादार ठरवलेला मानूस हाय. आजून सुटका झालेली न्हाई. आता द्यायचं तर दे."

दुकानात चार बायका होत्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गोरक्ष वैतागला. "आरं मिस्त्री, समद्या गावाला म्हाईत हाय. पुन्यांदा कशाला बोंबलतो?"

"तुला म्हाईत आसंल. पन म्या सांगितलं का? सांगाया लागतं."

गोरक्षने क्षणभर विचार केला आणि पुडक्यातून साबणाच्या दोन्ही वड्या काढून घेतल्या. बिल एकोणपन्नासवर आलं. "घे. आता कायबी सांगू नको," तो म्हणाला. सहादेवने हिशेब मनात करून पाहिला, मान डोलावली आणि सामान उचलून चालू लागला. तो आठवडा त्याच्या घरात साबणाशिवाय गेला, असं पुढे त्याच्या बायकोने, पुष्पावतीबाईंनी मला सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या.

सहादेव मिस्त्री मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती उचलून त्याच्याकडे आणून टाकायचे. तो आतली जळकी तार काढायचा, नवी तांब्याची तार गुंडाळायचा आणि मोटार चालू करून द्यायचा. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला त्याचा पत्र्याचा गाळा होता. हात इतका साफ, की त्याने भरलेली मोटार दोन-दोन वर्षं परत यायची नाही. आमच्याकडे रात्रीची लाइट आणि तीही कमी दाबाची, त्यामुळे मोटारी जळायला कधी तोटा नव्हता. या कामावर तो सुखाने जगला असता. पण १९९० साली त्याला पंपांचा डीलर व्हायची हौस आली.

हौसच म्हणायची. डीलर झाल्यावर त्याने सफारी शिवला, गाळ्यावर इंग्रजीत पाटी लावली आणि कोणी 'मिस्त्री' म्हणून हाक मारली तर जरा उशिरा वळून बघायला लागला. कंपनी कुठली तरी लांबची होती, पंप दिसायला देखणे होते. एक वर्षाची गॅरंटी कंपनीने दिली होतीच, सहादेवने आपल्या लेटरहेडवर ती दोन वर्षांची केली. पंप पहिल्याच उन्हाळ्यात पटापट जळाले. कंपनीचा फोन लागेना. सहादेवने बँकेकडून कर्ज काढलं, ओळखीवर उधारी उचलली आणि लोकांना नवे पंप दिले. तेही जळाले. लोकांनी तक्रार करायच्या आत तो स्वतःच त्यांच्या मळ्यावर हजर व्हायचा. त्याला भलामाणूस म्हणावं की हट्टी, हे मी अजून ठरवलेलं नाही. अंगावर एक लाख नव्वद हजार झाल्यावर त्याला नगरच्या वकिलाने नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायला लावला. १९९३ साली कोर्टाने त्याला नादार ठरवलं.

कोर्टाच्या रिसीव्हरने गाळ्यातला माल लिलावात काढला आणि लिलावाची दवंडी गावात दिली गेली. सहादेवचे वडील रंभाजी तेव्हा सत्तरीचे होते. गावात दवंडी देणं हे पूर्वी याच घराचं काम. छप्पन्न साली धर्म बदलला आणि रंभाजींनी ते काम त्याच महिन्यात टाकलं, त्यापायी दोन वर्षं गावाचा राग सोसला. आता पंचायतीचा माणूस हलगी वाजवत त्यांच्याच घरासमोर आला. म्हाताऱ्याच्या भिडेने त्याने नाव तोंडातल्या तोंडात घेतलं. रंभाजी बाहेर आले आणि म्हणाले, "नाव नीट घे. सहादेव रंभाजी साळवे. दवंडी आशी चोरून देत्यात व्हय?" त्याने पुन्हा, मोठ्याने नाव घेतलं. पुढच्याच पावसाळ्यात रंभाजी वारले.

हत्यारं आणि तार गुंडाळायचं यंत्र तेवढं कायद्याने सहादेवकडेच राहिलं. वकिलाने निघताना त्याला बजावलं, की सुटका होईपर्यंत पन्नास रुपये किंवा त्याच्या वरची उधारी घ्यायची असेल तर समोरच्याला आधी सांगायचं, मी नादार आहे म्हणून. न सांगता घेतली तर सहा महिने आत. वकील हे सगळ्यांनाच सांगत असणार आणि सगळे ऐकून सोडून देत असणार. सहादेवने ते पाठ केलं.

मोटारी भरणाऱ्याचं सगळं गाडं उधारीवर चालतं, हे इथे सांगितलं पाहिजे. मोटार जळते मार्च-एप्रिलात. ऊस डोळ्यादेखत वाळत असतो, त्यामुळे मोटार दोन दिवसांत पाहिजे असते. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो कारखान्याचं बिल निघाल्यावर. मधले दोन महिने मिस्त्रीने काढायचे. मिस्त्री ते काढतो, कारण तारवाला व्यापारी त्याला सीझनभर उधार तार देतो. ही सीझनची उधारी ज्याला मिळते तो मिस्त्री, न मिळणारा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. सहादेव आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत होता. जळक्या मोटारी त्याच्या गाळ्यावरून टेम्पोने राहुरीच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जायच्या आणि तो रस्त्याकडे पाठ करून बसायचा. सीझनची तार पुन्हा आपल्या नावावर मिळावी, एवढंच त्याला हवं होतं. गेलेला सफारी आणि डीलरची पाटी त्याने पुन्हा कधी मागितली नाही.

त्यासाठी तो आधी माझ्याकडे आला. पाच हजारांचा अर्ज होता, सोबत दोन जामीनदार होते, दोघेही बागायतदार. कागद चोख होते. मी सही करायला पेन उघडलं आणि हा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

"साहेब, आदी एक सांगतो."

"बसा हो, माहीत आहे मला," मी म्हणालो.

"न्हाई, सांगू द्या." आणि त्याने ते सगळं वाक्य, अगदी पहिल्यापासून, माझ्या टेबलासमोर म्हणून दाखवलं. शेजारच्या टेबलावरचा कॅशियर मान वर करून ऐकत होता. मी पेन बंद केलं. "मग हे आमच्या नियमात बसत नाही," मी म्हणालो. असा नियम आमच्या पोटनियमांत कुठेही नव्हता. सहादेवने कागद गोळा केले, दोन्ही जामीनदारांना नमस्कार केला आणि जिना उतरला. मला त्याचा राग आला होता. गप्प बसला असता तर त्याचं काम झालं असतं आणि मलाही खोटं बोलावं लागलं नसतं.

नगरच्या जुन्या बाजारात तांब्याच्या तारेचे एक शेठ होते. सहादेवने बुडवलेल्यांत त्यांचंही नाव होतं. अठरा हजार येणं होतं, त्यातले लिलावानंतर रुपयाला चार आणे मिळाले, म्हणजे साडेचार हजार. बाकी साडेतेरा हजार गेले. १९९५ च्या सुरुवातीला सहादेव त्यांच्याच दुकानात जाऊन उभा राहिला. हात मागे बांधून त्याने आपलं वाक्य म्हटलं. शेठ आधी बघत राहिले आणि मग खो खो हसायला लागले. "अरे बाबा, तू नादार आहेस हे तू मला सांगतोस? पैसे माझेच गेलेत ना!"

"व्हय. पन सांगाया लागतं."

शेठने त्याला अर्धा किलो तार दिली. म्हणाले, "शनिवारी पैसे आण." शनिवारी सहादेवने पैसे नेले आणि पुढची तार मागितली. मागायच्या आधी वाक्य म्हटलंच. शेठने एक किलो दिली. असं ते सुरू झालं. दर शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने तो नगरला जायचा, मागचे पैसे द्यायचा, वाक्य म्हणायचा आणि तार घेऊन दुपारी परत यायचा. दोन वर्षांत एक किलोचे पाच किलो झाले, म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटारीपुरती तार. तिथे मात्र गाडी अडली. पाच किलो आणि शनिवार, याच्यापुढे शेठ जाईनात. त्यामुळे ज्याच्या खिशात रोख पैसे आहेत अशाच शेतकऱ्याची मोटार सहादेव घ्यायचा, आठवड्याला एक. बाकीच्यांना तो स्वतःच राहुरीचा पत्ता द्यायचा.

गावाला त्या वाक्याची सवय झाली. सायकलवर भांडी विकणाऱ्यापासून शाळेच्या दप्तराच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. काही जण त्याची नक्कल करायचे. आमचा कॅशियर चहाचे पैसे द्यायची वेळ आली की उठून हात मागे बांधायचा, आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो. पुष्पावतीबाईंना या सगळ्याचा फार त्रास झाला. थोरल्या मुलीला, प्रज्ञाला, शिवणयंत्र हप्त्याने घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानदाराने कागद काढताच सहादेवने तोंड उघडलं आणि दुकानदाराने कागद परत खणात ठेवला. मुलगी तिथेच रडली. बाई म्हणाल्या, "चोऱ्या करून मिरवत्यात लोक, अन आमचा मानूस आपल्या तोंडानं आपल्याला काळं फासतोय."

१९९६ साली सहादेवने सुटकेचा अर्ज केला. वकील म्हणाला, हुकूम झाला की कळवतो. नंतर वकील आपलं बस्तान औरंगाबादला घेऊन गेला. सहादेव वाट बघत राहिला. अधूनमधून मी विचारायचो, "काय झालं हो कोर्टाचं?" तो म्हणायचा, "यील की. नादार ठरवलं तवा बेलिफ घरी आलता, भिताडाला नोटीस चिकटवली, दवंडी झाली. सोडत्याल तवाबी कुनीतरी यील ना सांगाया."

मला हे ऐकून काही वाटलं नाही, हे कबूल करतो. मी कोर्टात आठवड्याला एकदा जाणारा माणूस. सोडताना कोणी येत नसतं हे मला माहीत होतं. पण कामाच्या रगाड्यात मी ते बोललो नाही.

१९९९ च्या मार्चमध्ये आमच्या थकबाकीच्या दाव्यांसाठी मी नगरला कोर्टात बसलो होतो. आमचं प्रकरण पुकारायला वेळ होता. ओळखीच्या कारकुनाला सहज म्हणालो, बघा बरं, एक नादारीचं प्रकरण आहे, सहादेव साळवे, कोल्हार. त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, "याची मुक्तता झालीय की. फेब्रुवारी सत्त्याण्णव." मी वर्ष दोनदा वाचलं. मग अर्ज करून नक्कल मागितली आणि चार दिवसांनी ती घेऊन सहादेवच्या घरी गेलो.

तो जेवत होता. मी कागद पुढे केला आणि सांगितलं, "तुम्ही दोन वर्षांपूर्वीच मोकळे झालात."

सहादेवने हात धुतला, पुसला, कागद घेतला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखू आलं. त्यावर तो बोट ठेवून बसला. "कुनी आलंच न्हाई की," तो म्हणाला. एवढंच. पुष्पावतीबाई मात्र चुलीपुढून उठल्या आणि दारात येऊन मोठ्याने बोलायला लागल्या, माझ्यावर, कोर्टावर, वकिलावर, नवऱ्यावर. "दोन वर्सं! दोन वर्सं फुकट आमची आब्रू गावात वाटीत फिरला ह्यो मानूस!" मग त्या रडल्या. रडू ओसरल्यावर त्यांनी नवऱ्याला प्रज्ञाची शपथ घालून वचन घेतलं, की ते वाक्य आता या तोंडातून पुन्हा निघायचं नाही. सहादेवने वचन दिलं. मला वाटलं, चला, एका माणसाचं भलं झालं, आणि त्यात आपला थोडा हात लागला. मी जरा खुशीतच घरी गेलो.

त्या वर्षी मार्च कडक होता. सहादेव मोकळा झाल्याची बातमी मीच पसरवली होती, त्यामुळे लोकांनी मोटारी आणून टाकायला सुरुवात केली. आठ दिवसांत गाळ्यात पंधरा मोटारी पडल्या. पैसे कारखान्याच्या बिलावर. पहिल्यांदाच सहादेवने कोणाला राहुरीचा पत्ता दिला नाही, सगळ्या ठेवून घेतल्या. मोटारींना किमान साठ किलो तार लागणार होती. ती मिळाली नाही तर पंधरा जणांचा ऊस वाळणार आणि त्यानंतर कोल्हारात त्याला कोणी मिक्सरही देणार नाही, हे त्याला कळत होतं. शनिवारी तो एसटीत बसला. मलाही वकिलाला भेटायचं होतं, मी त्याच्या शेजारी बसलो. सदऱ्याच्या आतल्या खिशात त्याने कोर्टाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. वाटेत दोनदा चाचपून पाहिला.

शेठच्या दुकानात त्याने मागच्या पाच किलोचे पैसे दिले. शेठने ते मोजून गल्ल्यात टाकले आणि सवयीने पाच किलोचं रीळ काट्यावर ठेवलं.

"शेठ, ह्या खेपेला साठ पाहिजे," सहादेव म्हणाला. "उसाच्या बिलाला देतो."

शेठने चष्म्यावरून बघितलं. "बोल मग."

"काय?"

"रोजचं."

 सहादेवचे हात मागे गेले होते ते त्याने पुढे आणले. "ते आता न्हाई, शेठ. ते संपलं."

"काय संपलं?"

सहादेव फरशीकडे बघत राहिला. त्याला शपथ आठवत असणार. शेठने काट्यावरचं रीळ उचललं आणि मागे फळीवर ठेवून दिलं. "चार वर्षं तू या फरशीवर उभा राहून सांगत आलास, आणि मी देत आलो," ते म्हणाले. "आज बारा पट माल मागतोस आणि तोंड मिटून उभा राहतोस. मला आज तुझी भीती वाटते. आज तार नाही. हे पाचही नाही."

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "शेठ, तुमचा गैरसमज होतोय. कोर्टाने यांची सुटका केलीय. आता तसं सांगायची गरजच नाही. दाखवा हो कागद."

सहादेवने नाइलाजाने पिशवी काढली. शेठने कागद वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या.

"म्हणजे माझे साडेतेरा हजार?"

"कायद्याने आता ते देणं—" मी सुरुवात केली.

"तुम्हाला नाही विचारलं." शेठ सहादेवकडेच बघत होते. "तू सुटलास म्हणजे माझं येणं मेलं. बरोबर? आणि हे खिशात घालून तू माझ्याकडे साठ किलो मागायला आलास."

सहादेवचा चेहरा उतरला. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत हे ना त्याच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या. त्याच्या सुटकेत समोरच्याचं नुकसान लिहिलेलं होतं, आणि ते शेठला कळायच्या आत आम्ही माल उचलायला निघालो होतो. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. सहादेव मात्र हलला नाही. त्याने सावकाश हात मागे नेले.

"आदी एक सांगतो, शेठ," तो म्हणाला.  "कोर्टानं मला मोकळं केलं. दोन वर्सं झाली, मला ह्याच म्हैन्यात कळलं. तुमचं जुनं साडेतेरा हजार कायद्यानं माज्यावर ऱ्हायलं न्हाई. तुमी कोर्टात गेला तरी मिळायचं न्हाई. ते देईनच आसा शबूदबी मी आज देत न्हाई, कारन जमंल का न्हाई मला म्हाईत न्हाई. पंदरा मोटारी पडल्यात अन माज्या खिशात तिकिटापुरतं पैसं हायेत. हे समदं आईकून आता द्यायचं तर द्या."

कागद शेठच्या हातातच होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी स्विच आणि होल्डर दिले, सुटे पैसे परत केले. मग कागदाची घडी घालून तो सहादेवच्या हातात दिला.

"कारखान्याचं बिल कधी निघतंय?"

"एप्रिलाच्या शेवटाला म्हनत्यात."

"म्हणत्यात ना? कधी निघालंय वेळेवर? पंधरा मेपर्यंत दे." त्यांनी आत हाक मारून माणसाला तार काढायला सांगितली. "आज चाळीस ने. साठ तुला उचलणार नाही. बाकी पुढच्या खेपेला."

शनिवारचं नावही त्यांनी काढलं नाही. ही सीझनची उधारी होती, आणि सहादेवला ते समजलं होतं.

दोन गोण्यांत वीस-वीस किलो तार भरली. एक त्याने उचलली, एक मी. स्टँडपर्यंत येता येता माझा खांदा भरून आला. कंडक्टरने गोण्यांचं वेगळं तिकीट फाडलं, सहादेवकडे तेवढे पैसे उरले नव्हते, ते मी दिले. रक्कम पन्नासच्या पुष्कळ आत होती, तरी त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "राहू द्या." मग आम्ही दोघंही हसलो. शपथ मोडली हे घरी कसं सांगायचं, याचा विचार तो करत होता. पुष्पावतीबाई काय म्हणतील हे मीही मनात योजून पाहत होतो.

गाडी नगर सोडून बाहेर पडली. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हणालो, "मिस्त्री, आता आमच्याकडे अर्ज करा. पंचवीस हजारांपर्यंत मी चेअरमनना सांगून मंजूर करून घेतो. जामीनदारही एकच चालेल."

सहादेव खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, "साहेब, शेठचं माज्याकडं साडेतेरा हजार बुडालं. तुमच्या संस्थेचं किती बुडालं हुतं?"

"काहीच नाही."

"तुमचं सवताचं?"

"नाही."

त्याने मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखर न कळलेली गोष्ट विचारावी तसं त्याने विचारलं, "मग तवा तुमी कशाला भ्यालात?"

रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी सुनावलं असतं, पतसंस्थेत तेवढं बोलणं आम्ही शिकलेलो असतो.  पुढे त्याने आमच्याकडे अर्ज कधी केला नाही आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. सहादेवची मला भीती नव्हतीच. त्याने सगळं आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे उद्या कर्ज बुडालं असतं तर 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मला उरली नसती. बाकीचे कर्जदार माझ्यासाठी ती सोय ठेवायचे, आणि त्यांच्या अर्जांवर मी वर्षानुवर्षं सह्या करत आलो होतो.